पाकिटातलं ओळखपत्र

11 नोव्हेंबर 2024, सोमवार. पाचपाखाडीत मावशीच्या घरी सकाळी साडेसात वाजता मी मोबाइल उशीखाली सरकवला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर काढला नाही. तिकडे अमेरिकेत, मी नोकरी करते त्या जर्सी सिटीत रविवारच्या रात्रीचे नऊ वाजले होते आणि 'द पेंग्विन'चा आठवा, म्हणजे शेवटचा भाग सुरू झाला होता. आमच्या ऑफिसातले पाच-सहाजण सप्टेंबरपासून ही मालिका एकत्र बघायचो. रविवारी रात्री जर्नल स्क्वेअरजवळ एकीच्या घरी जमायचं, आणि सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी उरलेली चर्चा. पहिले सहा भाग मी त्यांच्याबरोबर पाहिले, मग दिवाळीसाठी ठाण्याला आले. सातवा भाग भाऊबीजेच्या आसपास आला, तोही मावशीकडेच पाहिला. शेवटचा भाग कुणी फोडू नये म्हणून मोबाइल उशीखाली.

ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं. मला जे सांगायचंय ते शेवट सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

पेंग्विन हे बॅटमॅनच्या कॉमिक्समधलं जुनं खलपात्र. डिसेंबर 1941 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 58 व्या अंकात तो पहिल्यांदा आला. उंच टोपी, छत्री, बुटका, तुंदिलतनू. या मालिकेत मात्र छत्री नाही, आणि बॅटमॅन तर आठ भागांत एकदाही दिसत नाही. इथला ऑझ कॉब हा गॉथम शहरातल्या माफिया कुटुंबाचा हस्तक आहे, पायाने अधू, आईवेडा, तोंडाने गोड. कॉलिन फॅरेलला त्या मेकअपमध्ये ओळखणंच अशक्य. पहिल्याच भागात त्याच्या गाडीची चाकं चोरायला आलेला एक पोरगा त्याच्या हाती सापडतो. व्हिक्टर आग्विलार. ऑझ त्याला मारत नाही, गाडी चालवायला ठेवून घेतो. व्हिक्टर अडखळत बोलतो आणि क्राउन पॉइंट नावाच्या गरीब वस्तीतला आहे. ती वस्ती आठवड्यापूर्वीच पुरात गेलेली आहे. 2022 च्या 'द बॅटमॅन' चित्रपटाच्या शेवटी समुद्राची भिंत फोडली जाते आणि शहरात पाणी घुसतं, तोच हा पूर. व्हिक्टरचे आईवडील, भावंडं, सगळे त्यात गेले. तिसऱ्या भागाची सुरुवात त्याच रात्रीची आहे. तो गच्चीवर असतो आणि पाणी खालच्या गल्लीतून येतं.

जर्सी सिटीत हा तिसरा भाग आम्ही पाहिला तेव्हा सगळे गप्प झाले होते, पण थोडा वेळच. मग बोलणं लगेच पात्रांवर गेलं. त्या माफिया कुटुंबातली मुलगी सोफिया फाल्कोनी ऑझला कधी ओळखेल, ऑझची आई खरं बोलते का, वगैरे. ठाण्यात तसं झालं नाही. मी यायच्या आधीच मावशी आणि मावसभावाने सुरुवातीचे भाग बघून संपवले होते. मावशीला इंग्रजी संवाद धावते पकडता येत नाहीत, म्हणून मावसभाऊ मध्येमध्ये थांबवून सांगतो. पण तिसऱ्या भागाबद्दल तो म्हणाला, "ताई, तिथे मला काही सांगावंच लागलं नाही. आईने टीव्ही बंद करायला लावला आणि अर्ध्या तासाने परत लावायला सांगितला."

मावशी तेव्हा साकीनाक्याला एका खासगी ऑफिसात होती. 26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे, पण मावशी आकडा कधी सांगत नाही. ती सांगते की दुपारी तीनला लाईट गेले आणि साहेबांनी म्हटलं, ज्यांना जायचंय त्यांनी निघा. ती निघाली नाही, रात्र ऑफिसच्या टेबलांवर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघीजणी पवई, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड असं चालत ठाण्याला पोचल्या. मी तेव्हा शाळेत होते. मावशी आमच्या दारात उभी राहिली तो चेहरा मला अजून आठवतो. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झालेली, आणि हातात चपला.

तर त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. मामा पण आले होते. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी, म्हणून मावशीने साबुदाणा भिजत घालून ठेवला होता. रस्त्यावरून विधानसभेच्या प्रचाराच्या रिक्षा जात होत्या, मतदान नऊ दिवसांवर आलं होतं. खिडक्या लावून घेतल्या तरी आवाज येतच होता.

शेवटच्या भागात पुष्कळ काही घडतं. ऑझने लहानपणी आपल्या दोन्ही भावांना भुयारात कोंडलं होतं, पावसाचं पाणी चढत गेलं आणि ते बुडाले, हे सातव्या भागात आपल्याला कळलेलं असतं. आता कळतं की आईला ते सुरुवातीपासून माहीत होतं. म्हणजे या कथेत पाणी दोनदा येतं. एकदा ऑझ दार लावून घेतो म्हणून, आणि एकदा शहराच्या भिंती फुटतात म्हणून. सोफिया पुन्हा अर्कम या वेड्यांच्या इस्पितळात जाते. ऑझ जिंकतो. आणि मग नदीकाठच्या बाकावर तो आणि व्हिक्टर बसतात. व्हिक्टर त्याला म्हणतो की तू मला घरच्यासारखा आहेस. ऑझ त्याला जवळ घेतो आणि गळा दाबून मारतो. कारण घरचं माणूस असलं की आपण दुबळे होतो, असं त्याचं म्हणणं. मग व्हिक्टरचं पाकीट काढतो, पैसे घेतो आणि ओळखपत्र नदीत टाकून देतो.

खोलीत कुणी बोललं नाही. शेवटी ऑझ त्याच्या मैत्रिणीला आईचे कपडे घालायला लावतो, तिच्याबरोबर नाचतो, आकाशात बॅटमॅनचा दिवा लागतो, हे सगळं झालं आणि नावं वर सरकू लागली. मावशी अजून त्या बाकावरच होती.

"पैसे घेतले ते घेऊ दे," ती म्हणाली. "ओळखपत्र कशाला टाकलं?"

मावसभावाने सांगितलं की लुटालूट झाली असं पोलिसांना वाटावं म्हणून, आणि प्रेताची ओळख पटू नये म्हणून.

"तेच म्हणतेय मी. आता त्याच्या घरी कोण सांगणार?"

"आई, त्याच्या घरी कुणी राहिलंच नाहीये."

"म्हणून काय झालं?"

मग तिने ती गोष्ट सांगितली. आमच्यापैकी कुणालाही ती माहीत नव्हती, मावसभावालाही नाही. ऑफिसात एक शिपाई होते, सगळे त्यांना काका म्हणत. कळव्याला राहायचे. 26 जुलैला साहेबांनी निघा म्हटल्यावर ते निघाले, कारण घरी बायको एकटी होती. तीन दिवस काही पत्ता नाही. चौथ्या दिवशी ऑफिसात फोन आला. प्रेत सापडलं होतं, आणि खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात रेल्वेचा पास होता. कागद भिजून लगदा झाला होता, पण ओळखपत्राचा फोटो आणि नाव वाचता येत होतं. त्यावरून कळलं. मावशी आणि आणखी दोघीजणी कळव्याला सांगायला गेल्या. "ते प्लॅस्टिकचं पाकीट होतं म्हणून," मावशी म्हणाली. "नाहीतर ती बाई अजून दार उघडं ठेवून बसली असती."

एकोणीस वर्षं ती हे सांगितल्याविना राहिली होती. मला आधी वाईट वाटलं की हे तिला एका इंग्रजी मालिकेपुढे बसून सांगावं लागलं. पण मग वाटलं, कुठेतरी सांगितलं ना.

रात्री उशिरा मी मोबाइल काढला. जर्सी सिटीच्या गटात शंभरएक निरोप साठले होते आणि वाद पेटलेला होता. एकीचं म्हणणं, व्हिक्टर मरणार हे पहिल्या भागापासून ठरलेलं होतं, पेंग्विन हा खलपुरुष आहे, त्याला कुणी जवळचं ठेवून चालणारच नाही. एकाला वाटलं की लेखकांनी धक्का द्यायचा म्हणून दिला, ऑझने आठ भागांत इतकी माया दाखवल्यावर हे पटत नाही. तिसऱ्याचं मत, पटतं आणि म्हणूनच सहन होत नाही. ऑझ आईला मरू देत नाही, तिने विनवलेलं असूनही, आणि व्हिक्टरला जगू देत नाही, या दोन गोष्टी एकच आहेत. हे मत मला फार नेमकं वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण त्या शंभर निरोपांत पाकिटाबद्दल एक शब्द नव्हता.

याचं एक कारण मला असं दिसतं. तिकडे पेंग्विन सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक. कॉमिक्स, कार्टून, जुने चित्रपट, मध्यंतरीची 'गॉथम' मालिका, त्र्याऐंशी वर्षांचा माणूस आहे तो. त्यामुळे तो वाईट होणार का हा प्रश्न नव्हताच, कसा होणार एवढाच होता. मावशीला हे ओझं नव्हतं. ऑझ तिच्यापुढे नवा माणूस म्हणून आला, आणि आठ भाग तिने त्याला संधी दिली. मामांनी तर सहाव्या भागात क्राउन पॉइंटला वीज परत आणल्यावर त्याला मनातून मतही देऊन टाकलं होतं. "कामं करतो म्हणजे माणूस चांगला, असं आपल्याला वाटतंच," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा खालून कुणाची रिक्षा जात होती ते मी विचारलं नाही.

मावसभावाचं मत सगळ्यांत उशिरा आलं, रात्री गच्चीवर. तो लहानपणी 'क' आणि 'प'वर अडकायचा. आता फारसा अडकत नाही, पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलताना अजून अडकतो. तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. मोठ्या हॉटेलात व्हिक्टर ऑर्डर देताना अडखळतो, वेटर त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतो, आणि ऑझ वेटरला झापतो की त्याला बोलू दे. जर्सी सिटीत त्या प्रसंगाला टाळ्या पडल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या. मावसभाऊ म्हणाला, "ताई, त्या दिवशीच मी त्या माणसाचा झालो होतो. माझ्यासाठी असं कुणी कधी केलं नाही. आणि त्यानेच त्याला शेवटचं वाक्य पूर्ण करू दिलं नाही."

मी त्याला सांगितलं की तो बाकाचा प्रसंग मालिकेतला सगळ्यांत खरा प्रसंग आहे असं मला वाटतं. तो म्हणाला, खरा आहे, पण परत बघणार नाही. मी परत पाहिला, विमानातून आल्यावर पहिल्याच रात्री. ओळखपत्र पाण्यात पडतं तो क्षण अगदी छोटा आहे. पहिल्यांदा बघताना माझं लक्ष ऑझच्या चेहऱ्यावर होतं. दिग्दर्शकालाही तेच हवं असावं.

सोमवारी ऑफिसात मी मावशीचं म्हणणं सांगितलं. कळव्याच्या काकांची गोष्टही सांगितली. आमच्यातला एकजण, व्हिक्टरसारखाच लॅटिनो, जर्सी सिटीशेजारच्या होबोकेनला लहानाचा मोठा झाला, त्याचे आईवडील पोर्तो रिकोहून आलेले. मालिकेत व्हिक्टर मेल्यावर तो सगळ्यांत जास्त चिडला होता, गटात त्याने एकच ओळ लिहिली होती, की मरायचं असलं की आमचीच पोरं आठवतात. त्या दिवशी त्याने कप खाली ठेवला आणि 29 ऑक्टोबर 2012 बद्दल बोलायला लागला. सँडी वादळाची रात्र. हडसन नदीचं पाणी होबोकेनच्या रस्त्यांवर आलं, आमची रोजची पाथ रेल्वेची स्थानकं बुडाली, लष्कराच्या ट्रकमधून लोकांना बाहेर काढावं लागलं. त्याची आजी तळमजल्यावर राहायची. शेजाऱ्यांनी तिला वर नेलं, ती वाचली. पण घरातले सगळे कागद गेले, लग्नाचा दाखला, जन्माचे दाखले. त्यापुढे ती असेपर्यंत तिने सगळे महत्त्वाचे कागद दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. "तुझ्या मावशीला सांग," तो म्हणाला, "मीही ती पिशवी ठेवतो."

सहा वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते. होबोकेनच्या स्टेशनावरून किती वेळा गेलेय. हे मला माहीत नव्हतं.

मावशीला फोनवर सांगितलं तर तिने फक्त "बरं" म्हटलं, आणि त्याच्या आजीचं नाव विचारलं.

2025 च्या सप्टेंबरात सोफियाचं काम करणाऱ्या क्रिस्टिन मिलिओटीला एमी पुरस्कार मिळाला. मला पहाटे मेसेज आला तो ठाण्याहूनच, मावसभावाचा. रात्री मावशीचा फोन. सोफियाला मिळालं हे फार बरं झालं, म्हणाली, बापाने धडधडीत शहाण्या मुलीला वेडी ठरवून दहा वर्षं कोंडली, तिला काहीतरी मिळायलाच हवं होतं. मग थोडी थांबली.

"पुढे आणखी भाग येणार आहेत का गं?"

माहीत नाही, मी म्हटलं.

"आले तर ती मुलगी दाखवतात का बघ. ती बसमधली, कॅलिफोर्नियाला गेली ती व्हिक्टरची मैत्रीण. त्याची वाट बघत असेल ना ती."