पाचवीतल्या मुलाची सही

नवोदयच्या फॉर्मचे दिवस आले की माझ्या दुकानात दहा-अकरा वर्षांची मुलं यायला लागतात. मोहोळमध्ये माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटंसं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅन कार्ड असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. पण नवोदयचा, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म समोर असला की मी दुसरं काम हातात घेत नाही. गर्दी झाली तर बाकीच्यांना थांबायला सांगते.

या फॉर्मला फोटो लागतो, पालकाची सही लागते आणि मुलाची सही लागते. तिन्ही वेगवेगळं स्कॅन करून, १० ते १०० केबीच्या मापात बसवून चढवायचं. फोटोचं सोपं असतं. पालकाची सहीही होते. मुलाच्या सहीपाशी सगळे थांबतात, कारण पाचवीतल्या मुलाला सहीच नसते. मी कोरा कागद पुढं सरकवते, काळं पेन देते आणि म्हणते, "बाळा, इथं सही कर." मूल आईकडं बघतं. आई माझ्याकडं बघते. मग मी सांगते, तुझं नाव लिही, वहीवर लिहितोस तसं. ते वाकून, जीभ दातात धरून नाव लिहितं, वडिलांचं लिहितं, आडनाव लिहितं आणि सगळं झालं की वरची शिरोरेघ शेवटी एकदम ओढतं. मी म्हणते, हीच तुझी सही. परीक्षेच्या दिवशी हजेरीच्या कागदावर अशीच करायची, विसरायचं नाही.

सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आमच्याच तालुक्यात, पोखरापूरला आहे. ही शाळा नेमकी काय हे आजही बऱ्याच पालकांना समजावून सांगावं लागतं, म्हणून इथं लिहिते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून ही योजना आली. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार मुलांना घरच्या परिस्थितीमुळं चांगलं शिक्षण हुकू नये, एवढ्यासाठी. सहावी ते बारावी, सीबीएसई अभ्यासक्रम. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून विद्यालय विकास निधीचे महिन्याला ६०० रुपये असतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना तेही माफ. एका शाळेत सहावीला जागा जास्तीत जास्त ८०. परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत असताना. पुन्हा नाही.

माझ्या वेळी ऑनलाइन वगैरे काही नव्हतं, फॉर्म शाळेतून जायचे. मी पाचवीत होते तेव्हा आमच्या शाळेत कुणी फॉर्मचं नावही काढलं नाही. सहावीत गेल्यावर शेजारच्या गावातली एक मुलगी पेटी घेऊन पोखरापूरला निघाली तेव्हा मला कळलं की अशी शाळा असते. वडिलांनी विचारलं, आपल्याला का नाही सांगितलं? शाळेतून उत्तर आलं, आता उशीर झाला. पुढं एसटीनं येता-जाता पोखरापूरचा फाटा आला की मी खिडकीतून बघायची, आणि ते एवढ्यावरच राहिलं. म्हणून या दुकानात आलेलं एकही मूल माहिती नाही म्हणून मागं राहू नये, यासाठी माझा जीव तुटतो.

२०२४ मध्ये माझी मुलगी पाचवीत होती. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. आम्ही सीना नदीकाठच्या एका गावात राहतो, दुकानासाठी मी रोज मोहोळला येते. तिचा फॉर्म मी सगळ्यात आधी भरला. मुख्याध्यापकांनी तपासून सही-शिक्का दिलेलं प्रमाणपत्र, त्यावर फोटो, आमच्या दोघींच्या सह्या. अर्ध्या तासात झालं.

त्याच आठवड्यात तिच्याच वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर आला. हा मुलगा गणितात माझ्या लेकीच्या दोन पावलं पुढं. हे मी आई असून सांगते. ल.सा.वि., म.सा.वि. तोंडी काढायचा. वडील सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायला होते, सगळं कुटुंब तिथंच भाड्यानं राहायचं. नंतर काम कमी झालं तसे ते गावी परत आले. मुलगा तिसरी सोलापुरात शिकला, चौथी आणि पाचवी गावात.

फॉर्ममध्ये तिसरी, चौथी, पाचवी कुठं झाली ते वर्षवार भरावं लागतं. प्रत्येक शाळा ग्रामीण की शहरी, तेही. ८० पैकी निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ६०. पण ग्रामीण कोण? ज्यानं तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला असेल तरी तो शहरी धरतात. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी तो नियम कितीतरी वेळा वाचला होता. पण समोर रबरी चप्पल घातलेला, शेळीमागून थेट आलेला मुलगा बसलाय आणि आपण त्याच्या नावापुढं "शहरी" निवडायचं, हे त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या हातून होत होतं.

वडील म्हणाले, "ताई, ग्रामीणच टाका की ओ. आम्ही गावातलेच हाव. रेशन कार्ड गावचं, घर गावचं."

मी त्यांना सगळं समजावलं. निवड झाली की तिन्ही वर्षांचे शाळेचे दाखले मागतात. तिसरीचा दाखला सोलापूरचा निघणार. तिथं खोटं सापडलं तर मिळालेली जागा जाणार, आणि पोराच्या मनावर ते कायमचं बसणार. ते गप्प झाले. मग म्हणाले, "पोट भरायला गेलो ते चुकलं म्हणायचं का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. फॉर्मची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी खिडकी उघडते, त्यात ग्रामीण-शहरी बदलताही येतं. तेव्हा ते पुन्हा येऊन गेले. मी पुन्हा तेच सांगितलं.

माझं स्पष्ट मत आहे की हा नियम शहरातल्या पैसेवाल्यांनी गावच्या जागा लाटू नयेत म्हणून आहे आणि तो हवाच. पण सोलापूरसारख्या जिल्ह्यात कामासाठी शहरात जाऊन परत येणाऱ्या घरांची मुलं त्यात भरडली जातात. निदान दुसरीच्या वर्गात असतानाच शिक्षकांनी पालकांना हे सांगायला हवं. पाचवीत सांगून काय उपयोग? (ओबीसीवाल्यांनाही एक सांगून ठेवते. केंद्राच्या यादीत आपली जात आहे का ते आधी बघा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढा. राज्याचा दाखला घेऊन ऐनवेळी धावपळ करणारे दरवर्षी दिसतात.)

दोघांचा अभ्यास मग माझ्या दुकानातच सुरू झाला. क्लास लावण्याची ऐपत दोन्ही घरांत नव्हती. परीक्षा १०० गुणांची, दोन तास, ८० प्रश्न. त्यातले ४० बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं. बुद्धिमत्तेत सगळ्या आकृत्याच. वेगळी ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती. माझी लेक अडायची ती कागदाच्या घडीला. कागद दुमडलाय, त्याला भोक पाडलंय, उलगडल्यावर कसा दिसेल? पुस्तकातलं चित्र बघून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दुकानात खराब झेरॉक्सचा गठ्ठा पडलेला असतो. त्या मुलानं एक कागद घेतला, चौकोनी फाडला, दोनदा दुमडला आणि काउंटरवरचं पंचिंग मशीन कोपऱ्यावर दाबलं. उलगडायच्या आधी तिला म्हणाला, "सांग, किती भोकं आणि कुठं?" ती चुकली. त्यानं उलगडून दाखवलं. पुन्हा दुसरा कागद, यावेळी तिरकी घडी. असे महिनाभर चालले. रात्री दुकान झाडताना केरसुणीत कागदाच्या बारीक गोल टिकल्यांचा ढीग यायचा. डिसेंबरपर्यंत लेक पेन्सिल न टेकवता उत्तर सांगायला लागली.

परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला, शनिवारी. संक्रांत नुकतीच झालेली. सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, तिची जत्रा म्हणजे गड्डा भरलेला. दोघांनाही पाळण्याचं वेड, पण यंदा परीक्षा झाल्यावर जायचं असं ठरलं होतं. साडेअकराचा पेपर, आम्ही दहालाच केंद्रावर. जीपगाड्या भरभरून मुलं आलेली. आत सोडताना मी दोघांनाही म्हटलं, सही आठवते ना? दोघांनी माना हलवल्या. बाहेर आम्ही बायका भिंतीच्या सावलीला बसलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली, पण कुणाच्या घशाखाली उतरेना. दीड वाजता मुलगा हसत आला. "मावशी, घडीचे चारी बरोबर." लेक म्हणाली, "माझेपण." दुसऱ्या दिवशी रविवारी दोघांना गड्ड्यावर नेलं.

मार्चमध्ये निकाल लागला. माझ्या दुकानातल्या त्याच कॉम्प्युटरवर मी आधी लेकीचा रोल नंबर टाकला. निवड झाली होती. मग त्याचा टाकला. नव्हती झाली. दोनदा टाकून बघितला. लेकीला आनंद करावा की काय करावं कळेना, ती मागं जाऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वडील म्हणाले, "ताई, तुम्ही बरोबरच केलंत." मला ते वाक्य फार जड गेलं.

लेक आता पोखरापूरला आहे. घरापासून लांब नाही, तरी पहिला महिना मी आणि तिनं दोघींनी रडून काढला. पालकभेटीला गेले की ती आधी डबा उघडते, मग मैत्रिणींना हाका मारते, मग माझ्याशी बोलते. पुढं नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी प्रांतातल्या नवोदयला पाठवतात, तिचा नंबर लागला तर काय, याची काळजी तिची आजी आत्तापासून करते. लेकीला मात्र जायचंय.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तो मुलगा दुकानात आला होता. तिनं त्याला तिथली विज्ञानाची वही दाखवली. त्यानं पानं सावकाश उलटली. मग मला विचारलं, "मावशी, नववीलापण घेतात ना?"

घेतात. रिकाम्या जागा असतील तेवढ्या, वेगळी परीक्षा. गणित आणि विज्ञान ३५-३५ गुणांचं, इंग्रजी आणि हिंदी १५-१५. फॉर्म आठवीत असताना भरायचा. मी काउंटरमागच्या कॅलेंडरच्या पाठीवर २०२७ लिहिलं आणि त्याचं नाव लिहायला पेन टेकवलं. तो म्हणाला, "थांबा, मी लिहितो." त्यानं पूर्ण नाव लिहिलं आणि शिरोरेघ शेवटी ओढली.