अ‍ॅनिमेचं पान: त्वचा, केस झाले, डोळे बाकी

या वेळी छापून रंगवायच्या पानासाठी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या ढंगातलं खांद्यापर्यंतचं चित्र घेतलंय. सेलर कॉलरचा (खलाशासारख्या रुंद कॉलरचा) शाळेचा गणवेश, लांब काळे केस, मान जराशी वळलेली. पूर्ण उभी आकृती मुद्दामच टाळली. ए४ वर सहा-सात डोक्यांच्या उंचीची आकृती बसवली की डोकं जेमतेम ४ सेंटिमीटरचं होतं आणि डोळा १ सेंटिमीटरच्याही आत. तेवढ्या जागेत मार्करचं टोक फिरत नाही.

छपाई

पान बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच, रंगाचं टोपण उघडण्याआधी. ए४ पानाला ३०० डीपीआयने (इंचामागे ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र पानभर ताणलं तर हाती येतात फक्त ९७ डीपीआय. रेषेला पायऱ्या पडतात, भोवती करडे ठिपके उमटतात, आणि फिकट त्वचेवर तेच ठिपके मळासारखे दिसतात. पीडीएफमध्ये व्हेक्टर रेषा (कितीही मोठ्या केल्या तरी न फुटणाऱ्या) असतील तर ही कटकटच नाही.

इंकजेट प्रिंटरची डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) पाण्याने पसरते, म्हणून जलरंग किंवा पाण्याचे मार्कर त्यावर नकोत. अल्कोहोल मार्करसाठी लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स बरी. १९८७ साली कोपिक हे जपानी अल्कोहोल मार्कर निघाले ते झेरॉक्सचा टोनर (छपाईची पूड) विरघळवत नाहीत म्हणूनच. घरी इंकजेटच असेल तर साध्या कागदावर प्रिंट काढून तिची कार्डशीटवर झेरॉक्स मारून घ्या. लेझरवर जाड कागद घालताना सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘जाड’ निवडायला विसरू नका. नाहीतर टोनरला पुरेशी उष्णता मिळत नाही, रेषा नखाने खरवडली जाते आणि हात फिरला की पानभर काळं होतं.

७०-८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) कागदातून मार्कर आरपार जातो. १६० ते २०० जीएसएमचा गुळगुळीत पण कोटिंग नसलेला कार्डशीट घ्यावा. चकचकीत फोटो पेपरवर शाई मुरत नाही, वरच चिकट राहते. रंगपेन्सिलींना मात्र थोडा खरखरीतपणा लागतो. अगदी गुळगुळीत कागदावर दोन-तीन थरांनंतर पेन्सिल नुसती घसरते. या पानाच्या दोन प्रती काढल्या आहेत: मार्करसाठी काळ्या रेषेची, आणि पेन्सिलसाठी रेषांची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणलेली. फिकट रेषा शेवटी त्या त्या रंगाच्या गडद पेन्सिलने पुन्हा ओढता येते, आणि चित्र छापील वाटत नाही.

सावलीची कड

अ‍ॅनिमेचा ढंग येतो तो कमी छटांमुळे आणि स्पष्ट कडांमुळे. मूळ रंग, सावली, चमक. बहुतेक भागांना एवढंच पुरतं. गुळगुळीत मिसळत बसलं की चेहरा फुग्यासारखा दिसायला लागतो. जपानी अ‍ॅनिमेशनच्या रेखाटनांत सावलीची हद्द रंगीत रेषेने आधीच आखलेली असते. तीच सवय इथे उपयोगी पडते. उजेड डावीकडून वरून धरलाय. त्यामुळे कपाळावर बटांची, हनुवटीखाली मानेवर आणि कॉलरच्या उजव्या कडेखाली सावली. हद्द फिकट रंगपेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. शिसपेन्सिल नको, मार्करखाली ती कायमची अडकते.

त्वचा

फिकट रंग आधी, म्हणून सुरुवात त्वचेपासून. मार्कर रेषेच्या १ मिलिमीटर आत थांबवला, कारण शाई पुढे स्वतःहून सरकते. कपाळ, गाल, मान असे बंद भाग एकेका दमात भरले. अर्ध्यावर थांबलं तर वाळलेल्या कडेवर पट्टा उमटतो. सावलीला वेगळा रंग घ्यावाच असं नाही. पहिला थर पूर्ण वाळल्यावर त्याच मार्करचा दुसरा हात दिला तरी छटा पुरेशी गडद होते. मानेवर मात्र फिकट जांभळट गुलाबी वापरलाय. करडा टाळा, त्वचा आजारी दिसते. रंग बाहेर गेलाच तर रंगहीन ब्लेंडर (रंग नसलेला मार्कर) बाहेरून आत, रेषेकडे ओढायचा. डाग पूर्ण जात नाही, पण फिकट होतो.

केस

काळे केस काळ्याने भरले की आतल्या सगळ्या रेषा गडप. मूळ थर गडद निळ्याचा, सावलीत निळसर काळा, शुद्ध काळा फक्त मानेमागच्या खोबणीत. डोक्याभोवतीचा चमकेचा पट्टा कोरा सोडलाय. तो सरळ पट्टीसारखा नको: डोक्याच्या गोलाईबरोबर वाकलेला, दर बटेला तुटलेला, कडा करवतीसारख्या दातेरी. हे दाते मुळाकडून खाली आणि टोकाकडून वर झटकन ओढलेल्या फटकाऱ्यांनी येतात. हात उचलताना रेघ आपोआप निमुळती होते. कोरा पट्टा भगभगीत वाटला म्हणून त्यावर फिकट निळ्याचा एक हात फिरवला.

गणवेशात सांगण्यासारखं फारसं नाही. पांढऱ्या कापडाची सावली फिकट निळसर, आणि लाल स्कार्फ शेजारचा भाग वाळल्यावरच. ओला लाल पांढऱ्यात हटकून शिरतो.

बाकी

डोळे. बुबुळाचा वरचा तिसरा हिस्सा सर्वांत गडद, कारण पापणीची सावली तिथे पडते. खाली फिकट होत जाणार. डोळ्याच्या पांढऱ्यावरही पापणीखाली फिकट करड्या-निळ्याची अरुंद पट्टी हवी, नाहीतर डोळे चिकटवल्यासारखे दिसतात. मोठी चमक डावीकडे वर, बाहुलीच्या कडेवर थोडी चढलेली, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. आरशासारखी उलटसुलट केली तर नजर फिरते.

सावलीची हलकी हद्द सोडली तर क्रम मार्कर, मग पेन्सिल, शेवटी पांढरा जेल पेन. पेन्सिलच्या मेणावर मार्कर चालवला तर त्याचं टोक बुजतं, आणि जेल पेनही मेणावर अडखळतो. म्हणून चमकेच्या जागी पेन्सिल लावायचीच नाही. पेन्सिलच्या प्रतीवर काही दिवसांनी पांढुरकी झाक आली तर ते मेण वर आलेलं असतं. मऊ कापडाने हलकेच पुसलं की जातं.