चांदणीच्या नाकाचं प्रकरण, महू रोडच्या तबेल्यातून

मागे चांदणी घोडीच्या दुडकीचा व्हिडिओ टाकतो म्हटलं होतं, तो राहिला, तबेल्यात आजारपण शिरलं.

दिवस १. सकाळी ताप १०३.४ फॅरेनहाइट. निरोगी घोड्याचा साधारण ९९.५ ते १०१.३ धरतात आणि चांदणीचा रोजचा शंभरच्या आतबाहेर, त्यामुळे वहीत आकडा लगेच डोळ्यात भरला. साईस म्हणे "भिया, नाक तो एकदम साफ है", आणि होतंच साफ, पण शेजारची घोडी लग्नसराईतून परत आलेली आणि दोघी एकाच हौदावर, म्हणून डोक्यात स्ट्रँगल्सच आला, म्हणजे घोड्यांचा नाक-घशाचा, गाठी आणणारा संसर्गजन्य आजार. त्यात ताप आधी चढतो, नाकातून जंतू पडायला अजून एक-दोन दिवस लागतात, तेवढीच काय ती सवड. लगेच मागच्या खोलीत बांधली, बादली वेगळी, खरारा वेगळा. (थर्मामीटरला दोरी आणि चिमटा लावून शेपटीला अडकवा, का ते विचारू नका.)

दिवस ४ दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळं, दिवस ६ जबड्याखाली गाठ, पाण्याचा घोट घेतानाही मान ताणायची. शेक चालू.

नाकाच्या स्वॅबचा रिपोर्ट आला, "बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकस". मी खूश की सापडला, तर डॉक्टर म्हणाले, अहो पण कुठला? या जंतूचे दोन भाऊ, झूएपिडेमिकस तर धडधाकट घोड्याच्या घशातही राहतो, दुसरा इक्वाय तसा राहत नाही, तो सापडला म्हणजे स्ट्रँगल्स. लॅबमध्ये साखरेवरून ओळखतात, झूएपिडेमिकस लॅक्टोज आणि सॉर्बिटॉल आंबवतो, इक्वाय दोन्हीला हात लावत नाही. आमच्या लॅबने ते केलंच नव्हतं, पैसे मात्र पूर्ण घेतले!

दिवस ११ गाठ फुटली. तो पू थेट पीसीआरला (जंतूच्या डीएनएवरून ओळखणारी चाचणी), आणि इक्वाय निघाला. ग्लँडर्सची शंका नको (घोड्यांचा दुसरा एक गंभीर आजार, तो माणसालाही होतो) म्हणून डॉक्टरांनी रक्त हिसारच्या लॅबला पाठवलेलं, ते निगेटिव्ह.

आता उड्या मारतेय, पण घोडा बरा दिसला तरी कानाच्या नळीला लागून जी पिशवी असते, गटरल पाऊच, तिच्यात जंतू महिनोन् महिने दडून बसतात आणि घोडा ते गुपचूप इतरांना वाटत फिरतो. आत बघायची दुर्बीण (एंडोस्कोप) आमच्याकडे नाही, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा घशामागचं धुवण तपासायचं. पहिलं निगेटिव्ह, दोन बाकी. बाकीच्या चार घोड्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजतोय, अजून एकाचाही चढलेला नाही.