गोष्ठीचा यक्ष: ग्वाल्हेरच्या गुजरी महालात एक सकाळ

ग्वाल्हेरला येणारी बहुतेक मराठी मंडळी जयविलास राजवाडा, झाशीच्या राणीची समाधी आणि किल्ला एवढे पाहून परततात. मीही यापूर्वी दोनदा असाच परतलो होतो. या खेपेस ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या मामांनी बजावले, की किल्ल्यावर चढण्याआधी पायथ्याच्या गुजरी महालासाठी अख्खी सकाळ राखून ठेव. “मोठमोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत जगभरचे सामान असते, इथे जे आहे ते आपल्या आसपासच्या मातीतले आहे,” असे ते म्हणाले. त्यांच्या या म्हणण्याचा अर्थ दुपारपर्यंत मला नीट कळला.

तोमर राजा मानसिंह याने आपल्या मृगनयनी या गुर्जर राणीसाठी हा महाल बांधला. आपल्या गावच्या नदीचे पाणी महालापर्यंत आणून द्यावे, अशी अट तिने लग्नाआधी घातल्याची लोककथा येथे अजून सांगितली जाते. मधोमध उघडा चौक आणि चहूबाजूंनी दालने अशी वास्तूची रचना आहे. ग्वाल्हेर संस्थानात माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत 1913 साली पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्या खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या देखरेखीखाली 1920 साली या महालात संग्रहालय उभे राहिले आणि 1922 साली ते लोकांना खुले झाले. पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले ते 1910 साली. म्हणजे पुण्यात कागदपत्रांची दप्तरे गोळा होत होती त्याच काळात येथे एक मराठी माणूस संस्थानातल्या खेडोपाडी विखुरलेल्या मूर्ती, स्तंभशीर्षे आणि शिलालेख एका छताखाली आणत होता. गर्दे यांचे नाव महाराष्ट्रात आज फारसे कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो पवाया या जवळच्या खेड्यातून आलेल्या मणिभद्र यक्षासमोर. मूर्तीचे मस्तक उरलेले नाही. डाव्या हातात मात्र पैशांची थैली आहे, कारण मणिभद्र हा व्यापारी आणि वाटसरू यांचा रक्षक. पायाशी ब्राह्मी लिपीतला लेख आहे. स्वामी शिवनंदी नावाच्या राजाच्या चौथ्या वर्षी, ग्रीष्म ऋतूत, मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीने ही प्रतिमा बसवली असे तो सांगतो आणि पुढे काही सभासदांची नावेही देतो. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला हा मजकूर. गोष्ठी म्हणजे एकत्र जमणाऱ्या लोकांचे मंडळ. मराठीतला ‘गोष्ट’ हा शब्दही याच गोष्ठीपासून आलेला आहे. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या मंडळांची पावती डोळ्यांसमोर आणली, तर त्या दगडावरची नावे अजिबात परकी वाटत नाहीत. राजाचे नाव केवळ काळ सांगण्यापुरते आले आहे, मूर्ती बसवणारे लोक वेगळेच आहेत, हे लक्षात आल्यावर मी तो लेख पुन्हा एकदा खाली वाकून पाहिला.

त्याच पवायाच्या गुप्तकालीन तोरणाची एक तुळई येथे आहे. तिच्यावर मध्यभागी एक नर्तकी असून भोवती बसलेल्या वादक स्त्रिया तिला साथ करीत आहेत. एकीच्या हाती धनुष्यासारख्या वाकाची वीणा आहे, तर इतर काही जणींपुढे तालवाद्ये आहेत. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजा मांडीवर घेऊन बसलेला दिसतो ती वीणा याच घाटाची. ही तुळई ज्या महालात ठेवली आहे तो बांधणारा मानसिंह स्वतः ध्रुपदाचा मोठा आश्रयदाता होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवलेली ख्यालगायकीही याच शहरातली. मामा आयुष्यभर गाणे ऐकत आले आहेत. नर्तकीच्या पावलाकडे बोट दाखवून ते हळूच म्हणाले, “बघ, सम येतेय.”

मध्य प्रदेशातल्याच बाघ येथील लेण्यांमधल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीही येथे आहेत. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांनी 1921 साली त्या तयार केल्या. मूळ चित्रांची पुढे झालेली झीज पाहता या प्रतिकृतींचे मोल फार वाढले आहे. ग्यारसपूरची सुप्रसिद्ध शालभंजिका, म्हणजे वृक्षाशी जोडलेल्या सुंदरीची मूर्तीही पाहिली. हातपाय तुटलेले असूनही तिच्या कमरेचा बाक आणि चेहऱ्यावरचे स्मित यांवरून नजर हटत नाही, पण तिच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पवायाला गेलो. ग्वाल्हेर जिल्ह्यातच, सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमापाशी वसलेले हे खेडे म्हणजे प्राचीन पद्मावती. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातला माधव विदर्भातल्या कुंडिनपुराहून न्यायशास्त्र शिकण्यासाठी येतो तो याच नगरीत. नाटकात आलेल्या सिंधू आणि पारा या नद्यांवरूनही अभ्यासकांना हे स्थळ ओळखता आले. गर्दे यांनी येथे उत्खनन केले, त्यात विटांचा टप्प्याटप्प्यांनी वर चढत जाणारा भव्य चौथरा उजेडात आला. त्यावर चढल्यावर मामांनी आदल्या दिवशी टिपलेले तुळईचे छायाचित्र मोबाइलवर मोठे केले आणि ते तोरण कोणत्या बाजूला उभे असेल याचा अंदाज घेत ते चौथऱ्याला पूर्ण फेरी मारून आले.