नऊ वारांचा घोळ

इचलकरंजीत कापड निर्यातीच्या एका ऑफिसात मर्चंडायझर म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी सांभाळायला, लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. अमेरिकेतल्या नव्या गिऱ्हाईक बाईंची मेल आली : पॉपलिन आवडलं, आता 'द होल नाइन यार्ड्स' पाठवा.

कापडाच्या धंद्यात यार्ड म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार? नऊ यार्ड म्हणजे ८.२३ मीटर. फोल्डिंग खात्यातल्या मामांना चिठ्ठी दिली. त्यांनी ताका उलगडला, सव्वाआठ मीटर मापून टर्रकन फाडलं आणि म्हणाले, "नऊ वार? बाईंना लुगडं नेसायचंय काय ओ मॅडम?" मीही हसले. पार्सल गेलंसुद्धा.

आठवड्याभरानं उत्तर आलं. कापड मिळालं, आभार. पण शेड कार्ड (रंगछटांचा तक्ता), लॅब डिप (रंग जुळवून रंगवलेला छोटा नमुना), धुतल्यावर किती आटतं त्याचा रिपोर्ट, पॅकिंग, दर, हे सगळं कुठंय? तेव्हा माझी ट्यूब पेटली. होल नाइन यार्ड्स म्हणजे झाडून सगळं! आपल्याकडं नाही का, रुपयाचे आणे १९५७ सालीच मोडीत निघाले, तरी गोष्ट अजून सोळा आणे खरी असते.

मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र रात्री हट्टानं या यार्डांचा माग काढत बसले. महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा नऊ यार्ड लांब असायचा, त्यावरून हे आलं, असं जो तो सांगतो. पण १९०७ साली इंडियानातल्या एका वर्तमानपत्रात बेसबॉलच्या बातमीत 'फुल नाइन यार्ड्स' छापलंय. तेव्हा कुठलं महायुद्ध? त्याहून गंमत म्हणजे १९१२ साली शेजारच्या केंटकीत तेच 'होल सिक्स यार्ड्स' आहे. म्हणजे तिकडंही सहावारी आणि नऊवारी दोन्ही चालायच्या, आणि टिकली नऊवारी. आमच्या घरात आजीनंतर उलटंच झालं.

पुढच्या महिन्यात त्याच बाईंची मेल : शर्टिंग 'टन्स' लागेल. मामांनी विचारलं, "आता वजनावर घेणार व्हय?" या खेपेला मी कात्रीला हात लावू दिला नाही. आधी विचारलं, नेमकं किती?

उत्तर आलं, दोन हजार यार्ड. हे खरोखरचेच यार्ड ना, तेही विचारून घेतलं.