फेब्रुवारीत नांदूरला जाऊन काय बघायचं?

संक्रांत उलटली की हा प्रश्न हमखास येतो. “डिसेंबरात जमलं नाही. आता फेब्रुवारीत नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जाण्यात अर्थ आहे का, की पक्षी गेले?” तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. पक्षी गेलेले नसतात. उलट ज्याला बदकं ओळखायला शिकायचं आहे त्यानं फेब्रुवारीतच जावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र निघण्याआधी पाण्याची चौकशी करा. तारखेपेक्षा ती महत्त्वाची.

आधी बदकांचं सांगतो. विणीचा हंगाम संपला की उत्तरेकडच्या बदकांचे नर रंगीत पिसं टाकतात आणि मादीसारखे मळकट तपकिरी होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती आपल्याकडे उतरतात तेव्हा बरेच नर अजून त्याच वेषात असतात. मग नवखा माणूस दुर्बीण लावतो, त्याला शंभर तपकिरी बदकं दिसतात आणि तो कंटाळून परत येतो. नवी पिसं हिवाळ्यात हळूहळू येतात. थापट्या बदकाला वेळ लागतो. भुवई बदकाचा नर तर त्याहून उशिरा, कधी कधी फेब्रुवारी उजाडल्यावर रंगात येतो आणि मग त्याची ती पांढरी, मानेपर्यंत वळलेली भुवई लांबूनही चुकत नाही. फेब्रुवारीत तलवार बदकाच्या नराचं चॉकलेटी डोकं, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ, लांब टोकदार शेपूट, सगळं जागेवर असतं. थापट्याचं हिरवं डोकं, पांढरी छाती आणि विटकरी कूस तशीच.

माद्या ओळखण्याचा मार्गही याच दिवसांत सोपा होतो, कारण जोड्या इथेच, हिवाळी मुक्कामात जुळतात. मादीच्या बाजूला सतत कोणता नर पोहतोय ते बघा, अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं चोचीवरून करा. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट असते आणि डोक्याच्या मानानं अंमळ मोठीच. गडवाल बदकाच्या मादीच्या चोचीला कडेनं नारिंगी पट्टी असते, बसल्या बसल्या पंखावर पांढरा चौकोन डोकावतो. तलवार बदकाची मादी लांब मानेची, करड्या चोचीची. हळदी-कुंकू बदक आपलंच, बारमाही राहणारं. त्याच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं असतं. आणि काळं अंग, पांढरं कपाळ असलेले शेकडो पक्षी दिसले तर ती बदकं नव्हेत, ते वारकरी. नवख्यांच्या यादीत बदकांचा आकडा फुगतो तो बहुधा यांच्यामुळे.

आता पाणी. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ आहे, शंभर वर्षांहून जुना. इतक्या वर्षांत त्यात गाळ साचला, बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं. पक्षी इथे येतात ते या उथळपणासाठी. पाण्यात बुड वर करून चरणाऱ्या बदकाला तळ चोचीच्या टप्प्यात लागतो. याच जागेला पुढे रामसर या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत महाराष्ट्रातलं पहिलं स्थान मिळालं. पण हा बंधारा मुळात पाटांसाठी आहे. इथून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि वरून दारणा, गंगापूरचं पाणी येतं. शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की पातळी वर-खाली होते आणि तिच्याबरोबर पक्ष्यांच्या जागा बदलतात.

पातळी चढली की काठाचा चिखल बुडतो. तुतवार, पाणलावे, चिखले, सगळे चिखलातले पक्षी दुसरीकडे जातात आणि बदकं लांब, मधोमध पसरतात. पातळी उतरत असताना मात्र रोज नवा ओला चिखल उघडा पडतो, त्यात अळ्या आणि किडे भरपूर असतात, आणि पक्षी अक्षरशः पाण्याची कड धरून पुढे सरकतात. शेकाट्याचे लांब पाय म्हणून तो थोडा खोल, तुतवार कडेला, धोबी पक्षी कोरड्या-ओल्याच्या सीमेवर. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या की तिथे कोणी थांबत नाही. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी चापडगावच्या स्थानिक गाईडला किंवा निफाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला एवढंच विचारा: पाट चालू आहे का, आणि बंधाऱ्याचं पाणी चढतंय की उतरतंय? उतरतंय म्हणाले तर निघा.

गंगापूर धरणाचंही विचारतात. नाशिकला जवळ आहे हे खरं, पण खोल आणि उभ्या काठांचं पाणी बदकांच्या फारसं कामाचं नाही. तिथे फेब्रुवारीत नदी सुरय, पाणकावळे, धोबी आणि नशीब असेल तर मासे मारणारा कैकर बघावा. नवशिक्यानं सुरुवात नांदूरलाच करावी.

नाशिकहून नांदूर साधारण चाळीस किलोमीटर. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्या वेळी पक्षी बघायच्या मनोऱ्यावर असलात की पुरे. अंधारात उसाच्या कडेनं पायी जाऊ नका, निफाड तालुक्यात बिबट्या आहे आणि ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. धुकं असेल तर चिडू नका, ते विरेपर्यंत काठावरच्या झुडपांत आणि पाणगवतात निळ्या गळ्याचा शंकर, मुनिया, जांभळ्या पाणकोंबड्या बघा. सकाळी पाणी तुमच्या पश्चिमेला येईल अशी जागा धरा, म्हणजे ऊन पाठीवर आणि रंग समोर. सूर्य समोर घेऊन बसलात तर दिवसभर काळ्या सावल्या मोजाल. दहाच्या पुढे जमीन तापते, हवा थरथरते आणि भारी स्पॉटिंग स्कोपमधूनही (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही) लांबचं काही स्थिर दिसत नाही. दोष स्कोपचा नसतो. वाढवलेलं झूम कमी करा किंवा चार वाजता परत या.

दुर्बीण ८ × ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी हातात जास्त हलते आणि उडता पक्षी पकडायला अवघड जाते. नवी दुर्बीण आधी स्वतःच्या डोळ्यांना जुळवा. उजवी बाजू झाका, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका, मधलं चाक न हलवता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ती कडी किती फिरली ते लक्षात ठेवा, पुन्हा हलवायची नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून ठेवा. बहुतेकांची “माझी दुर्बीण अंधुक आहे” ही तक्रार इथेच मिटते.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी एकेक करून मोजा, ते दहा दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा आणि मग दहा-दहाच्या उड्या मारत पुढे जा. हजाराच्या घरात असतील तर शंभराच्या उड्या. चूक दोन ठिकाणी होते. एक, मिसळलेल्या वारकऱ्यांमुळे. दोन, एका मनोऱ्यासमोरून उठलेला थवा दुसऱ्यासमोर उतरतो आणि पुन्हा मोजला जातो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकणार असाल तर प्रत्येक जागेची यादी वेगळी करा, सुरुवातीची वेळ, चाललेलं अंतर आणि आकडा लिहा. सगळ्या दिवसाची एकच यादी अभ्यासाला फार उपयोगी पडत नाही.

आणि सगळं पाणी एकदम उठलं, बदकं आकाशात गेली, तर बदकांकडे बघू नका. त्यांच्या खाली, पाण्याकडे नजर टाका. पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून पाणगवतावरून संथ फिरणारी दलदली हारिण, म्हणजे एक शिकारी पक्षी, दिसेल. ती गेली की पाच-दहा मिनिटांत सगळे परत उतरतात, तेवढं थांबा.

परतताना रस्त्याकडच्या पळस आणि काटेसावरीला गाडी थांबवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या फुलांवर भोरड्या (गुलाबी मैना) असतात. यांचं गुलाबी अंग आता उजळतं त्याला नवी पिसं कारण नाहीत. पिसांची मळकट टोकं झिजतात आणि आतला रंग उघडा पडतो. गव्हाच्या शेतात पिवळे धोबी आणि तारेवर कापशी घार हेही याच वाटेवर.

एक विनंती मात्र मनापासून. पाणी उतरलं की बेटं आणि वाळूचे पट्टे चालत जाता येतील असे दिसतात. तिथे पाय टाकू नका. आर्ली आणि नदी सुरय उघड्या वाळूवर, खड्ड्यात काही न अंथरता अंडी घालतात आणि त्यांचा काळ हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होतो. अंडी वाळूच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. पक्षी अंड्यांवरून उठला तर अंडी उन्हात तापतात किंवा कावळा नेतो. फोटो मनोऱ्यावरून येईल तेवढाच घ्या. पट्टकादंब हे रानहंस मार्च सुरू होता होता निघून जातात, तलवार बदकंही पातळ होतात. थापटे आणि भुवई बदकं एप्रिलपर्यंत रेंगाळतात. म्हणून पट्टकादंब बघायचे असतील तर महिनाअखेरीची वाट बघू नका, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या.