सुटेल असं चिकटवा

पुस्तकबांधणीच्या धंद्यात हाताला एक खोड लागते. काहीही चिकटवण्याआधी ते पुढे सुटणार कसं, हे आधी मनात येतं. मी आज बांधलेलं पुस्तक तीस-चाळीस वर्षांनी दुसरा कुणीतरी उसवणार, त्याने माझ्या नावाने बोटं मोडू नयेत, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. म्हणून मी गव्हाची खळ वापरतो. ओलसर फडकं ठेवलं, जरा दम धरला, की ती मुकाट्याने सोडते. सरसही ऊब आणि ओल मिळाली की नरमतो. बाटलीतला पांढरा गोंद मात्र एकदा वाळला की कागदाची साल बरोबर घेऊनच निघतो.

हे सगळं ठाऊक असलेला मी, धंद्याची पाटी लावावी की नाही म्हणून स्वतःच्या गाडीच्या दारापाशी दोन महिने घुटमळत होतो.

माझं काम घराच्या मागच्या खोलीत चालतं. दुकान नाही, म्हणून पाटी लावायला भिंत नाही. कागदाचे रीम आणायला, बांधलेल्या वह्या पोचवायला गाडी मात्र रोज फिरते. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढी मोठी भिंत चार चाकांवर फिरतेय आणि तुम्ही ती कोरी ठेवलीय." बायकोचं मत वेगळं होतं. गाडी दोघांची. "मी लग्नाला तुझ्या दुकानात बसून जायचं का?" असं तिने विचारलं, आणि खरं सांगायचं तर यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिवाय रंगाची धास्ती. गाडीचा रंग म्हणजे काहीतरी जाडजूड चिलखत असावं, अशी माझी आपली समजूत. प्रत्यक्षात पत्र्यावरचं अस्तर, त्यावरचा रंग, त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळे थर मिळून जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, फार तर दीडपट. छपाईचा साधा कागदही तेवढाच असतो. म्हणजे आख्ख्या गाडीला आपण एक कागद गुंडाळून फिरतो. हे कळल्यापासून मी गाडीकडे बांधणाऱ्याच्या नजरेने बघायला लागलो, आणि साहजिकच घाबरायलाही.

आधी गेलो रेडियमवाल्याकडे. (त्या चिकटपट्ट्यांत रेडियम औषधालाही नसतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तेही न सुटणाऱ्या गोंदातलं काम.) त्याच्याकडचा माल विनाइलचा, म्हणजे पीव्हीसीचा. या पदार्थाची जन्मकथा मला फार आवडते. 1872 साली ऑयगन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या विनाइल क्लोराइडच्या फ्लास्कमध्ये पांढरा घट्ट पदार्थ जमलेला दिसला. त्याचा उपयोग कुणाला सुचेना, कारण तो कडक आणि ठिसूळ. पुढे 1926 मध्ये अमेरिकेत वाल्डो सिमन शोधत होता रबर धातूला चिकटवणारा गोंद. त्या खटाटोपात पीव्हीसी गरम द्रवात विरघळवलं, तर गोंद न मिळता हाती आलं मऊ, लवचिक प्लास्टिक. म्हणजे धातूला चिकटवायला गोंद शोधणाऱ्या माणसाला जी वस्तू सापडली, तीच आपण आज गोंद लावून धातूला चिकटवतो. आणि जी उन्हात जन्मली, ती शेवटी उन्हातच वाळून तडकते.

रेडियमवाल्याने दोन जातींचे तुकडे समोर टाकले. एक रोलरखाली लाटून, ताणून केलेला. तो स्वस्त असतो, पण ताणलेली वस्तू मूळ मापाकडे परतू बघतेच, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत कडा आत सरकतात आणि भोवती गोंदाची काळी किनार उघडी पडते, धूळ पकडून बसते. दुसरा ओतीव. पातळ थर ओतून वाळवलेला, त्यामुळे अंगात ताण नाही. जाडी 0.05 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्धा कागद. तो वळणावर बसतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि निघतानाही शहाण्यासारखा निघतो. काढताना हेअर ड्रायरने ऊब द्यायची, कोपरा उचलायचा आणि सरळ बाहेर न ओढता पट्टी तिच्याच पाठीवर दुमडत सावकाश मागे घ्यायची. मला हसूच आलं. जुन्या पुस्तकाच्या कण्यावरचं कातडं मी असंच काढतो. राहिलेला गोंद चोळून काढायला अल्कोहोल.

"रंग नाही ना निघणार?" मी विचारलं.

"कंपनीचा रंग असेल तर नाही," तो म्हणाला. "मधे कुठे रंगकाम झालं असेल तर मी काही बोलणार नाही."

गाडी मी जुनी घेतली होती, आणि विकणाऱ्याने तिला कधी ओरखडाही आला नसल्याचं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मी विषय तिथेच थांबवला आणि चुंबकी पाटी मागितली.

चुंबकी पाटी ही मला या सगळ्या प्रकरणातली खरी गोड वस्तू वाटते. फेराइट या चुंबकी द्रव्याची भुकटी रबरासारख्या लगद्यात मळून लाटलेला पत्रा. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर, म्हणजे आमच्याकडचा हलका पुठ्ठा. त्याला चुंबकत्व देतात तेही पट्ट्यापट्ट्यांनी, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण, असं की सगळा जोर एकाच अंगाला यावा. दोन तुकडे पाठीला पाठ लावून सरकवले की त्या पट्ट्या एकमेकींवरून उड्या मारतात आणि हाताला कटकट अशी जाणीव होते. मी पहिल्या दिवशी अर्धा तास तेच करत बसलो होतो. काम थांबलं होतं, पण धंद्याची जाहिरात चालू होती, असं मी घरात सांगितलं.

पाटीवर काय लिहायचं, यावर मात्र माझा अहंकार आडवा आला. जुजबंदी (दोऱ्याने शिवलेली बांधणी), कापडी बांधणी, जीर्ण पुस्तकांची डागडुजी, वह्या, अल्बम असं सगळं मला हवं होतं. रेडियमवाल्याने शांतपणे हिशेब मांडला. 25 मिलिमीटर उंचीचं अक्षर 3 मीटरवरून सहज वाचता येतं, असा त्यांचा ठोकताळा. समोरचा माणूस 15 मीटरवर असेल तर अक्षर पाचपट हवं. गाडी ताशी 50 किलोमीटरने गेली तर सेकंदाला जवळपास 14 मीटर कापते, म्हणजे वाचणाऱ्याला मिळणार दोन-तीन सेकंद. त्यात आपली देवनागरी. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर. ओळीची उंची मोजा दहा, तर मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा येते. माझ्या धंद्याच्या नावात तर हे सगळे दागिने एकदम आहेत. शेवटी दोन हात लांबीची माझी यादी आटून राहिलं ‘पुस्तकबांधणी’ आणि खाली फोन नंबर. माझं नावसुद्धा गेलं. तीन दिवस मला ते टोचत होतं, आता वाटतं गेलं ते बरंच झालं. कोपरे त्याने गोल कापले, कारण वारा टोकदार कोपऱ्याखाली बोट घालतो. शाई काळी, तीही पांढऱ्या जमिनीवर. मला आवडणारा पिवळा उन्हात लवकर विटतो म्हणाला.

घरी आणून उजव्या दाराला लावली, ठप्प बसली. डाव्या दाराला लावली तर एक कोपरा बसेना. दाबला की राहायचा, हात काढला की हलकेच उठायचा. मला वाटलं पाटी वाकडी. दुसरी लावून पाहिली, तोच कोपरा, तीच जागा. चुंबक लोखंडालाच चिकटतं. अॅल्युमिनियमला नाही, प्लास्टिकच्या बंपरला नाही, आणि पत्र्यावर बोटभर जाड पुट्टी (लांबी) भरून वरून रंग मारला असेल तर तिथेही नाही. छातीवरचा तो हात मला आठवला. विकणाऱ्याला फोन करावासा वाटला, पण करून सांगायचं काय? जुनी गाडी घेताना खिशात छोटं चुंबक ठेवून अंगभर फिरवणारे लोक असतात, हे मला नंतर कळलं. मी गाडी घेतली तेव्हा खिशात फक्त पेन होतं. डावी पाटी मग वीतभर मागे सरकवली.

पाटीबरोबर एक पथ्यपाण्याचा कागद मिळाला. रंग ताजा असेल तर तीन महिने थांबा. लावण्याआधी दार आणि पाटीची पाठ दोन्ही धुऊन, पुसून, कोरडी करा, कारण मधे अडकलेली धूळ गाडी हलली की पॉलिश पेपरचं काम करते. लावलेली पाटी पत्र्यावरून सरकवू नका, उचलून पुन्हा ठेवा. शक्यतो रोज काढा, खालची ओल वाळू द्या. घडी घालू नका, सपाट ठेवा. हा शेवटचा नियम आमच्या घरी लोखंडी कपाटाने पाळला. रात्री दोन्ही पाट्या कपाटाच्या दारावर जायच्या. त्यामुळे निजायच्या खोलीत दिवा मालवेपर्यंत मला माझाच फोन नंबर दिसायचा.

विमावाल्यांनाही विचारून घेतलं. घरगुती वापराची गाडी धंद्याला जुंपली आणि त्यांना सांगितलंच नाही, तर दावा करायच्या वेळी तोच मुद्दा निघू शकतो. पाटी म्हणजे आपणच लिहून दिलेला जबाब.

पाटीचा पहिला परिणाम झाला तो माझ्यावर. एरवी मी हॉर्न वाजवतो, मधे घुसतो, क्वचित ओठ हलतील असं काही बोलतोही. पाटी लागल्यावर हे सगळं ‘पुस्तकबांधणी’ करते आहे, असं दिसू लागलं. पिवळ्या दिव्याला थांबू लागलो. म्हाताऱ्यांना रस्ता देऊ लागलो. दिवसभर इतकं सज्जन राहून जीव दमायचा. संध्याकाळी पाट्या उतरवल्या की मी पुन्हा साधा माणूस, आणि खरं सांगू, चुंबकाचा हा फायदा त्या पथ्याच्या कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता. बायकोच्या लग्नाच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं. दोन हातांनी उचला, कपाटाला लावा, चला.

पहिला फोन आठवड्याने आला. "तुमची गाडी आमच्या फाटकात उभी आहे." दुसरा फोन करणाऱ्याने, ही पाटी कुठून करून घेतली, म्हणून विचारलं. तिसरा बांधणीचा. आजोबांची रोजनिशी होती, पानं सुटी झालेली, आणि आधी कुणीतरी पांढऱ्या गोंदाने जोडायचा प्रयत्न केलेला.

नंतर कामं वाढली आणि मी ढिलावलो. रोज काढायची पाटी आठवड्याने काढू लागलो, मग महिन्याने. त्या उन्हाळ्यात तर लावली ती लावलीच. गाडी लाल आहे, आणि लाल रंगाला ऊन सोसत नाही. मावसभावाच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी पाटी उचलली, तर खाली गोल कोपऱ्यांचा एक लांबट चौकोन. मधे गाडीचा जुना, गडद लाल रंग, भोवती सगळं दार विटून फिकट झालेलं. पाटीने रंग खराब केला नव्हता. उलट पाटीखालचा तेवढाच शाबूत राहिला होता, ही तक्रार कुणाकडे करायची? पॉलिश मारून थोडा फरक पडतो म्हणतात. वेळ नव्हता. तशीच गाडी घेऊन गेलो.

कार्यालयाबाहेर गाडी लावून मी काही सामान आत ठेवून आलो, तर एक गृहस्थ दारावरच्या त्या कोऱ्या चौकोनाकडे वाकून बघत होते. "इथे काय होतं हो?" ते बायकोला विचारत होते.

"पुस्तकबांधणी," ती म्हणाली. आणि पर्समधून पेन काढून त्यांच्या पत्रिकेच्या मागे माझा नंबर लिहायला लागली.